उपसलेलं पाणी

६ एप्रिल

पोचलो बाई एकदाचे! युनियनची डायरी दरसाल फुकट मिळते आणि दरसाल तिची पानं फाडून मी त्यात चिवडा बांधते. यंदा मात्र लिहायचं ठरवलंय. पैठण डेपो सुटला, आता मी शहरातल्या डेपोची कंडक्टर. सामान पैठण गाडीवरच्या आमच्या ड्रायव्हर सांडूभाऊनं टेम्पोतून आणून टाकलं आणि चहासुद्धा न घेता पळाला.

घर बेगमपुऱ्यात मिळालं. दोन खोल्या, मागं फरसबंद अंगण, अंगणात लिंबाचं झाड आणि झाकणाचा दगडी हौद. घरमालकीण जोहराआपा अंगणापलीकडच्या खोलीत एकटी राहते. उर्दू शाळेतून रिटायर झालेली, डोक्यावरची ओढणी कधी ढळत नाही. हातांची बोटं टोकाशी आखूड आहेत. जन्मापासून असतील, मी विचारलं नाही. लेकराला बघून लई खूश झाली, शेवयांची वाटी घेऊन आली.

पूर्वी या हौदात नहरीचं पाणी यायचं म्हणे, जमिनीखालच्या खापरी नळांतून. ते कधीच बंद पडलं. आता महापालिकेचा नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यानं हौद भरायचा आणि पुरवून वापरायचा. गंमत म्हणजे हे पाणी येतं आमच्या पैठणच्या नाथसागरातूनच. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते उगीच नाही. प्यायला जार लावलाय, हौदाचं पाणी धुण्या-अंघोळीला.

आपानं एकच नियम सांगितला, पण दोनदा सांगितला. हौदातून उपसलेलं पाणी परत हौदात टाकायचं नाही. उरलं तर झाडाला, नाहीतर मोरीत. “जो निकला सो निकला,” म्हणाली. ज्याचं त्याचं सोवळं असतं. माझ्या आजेसासूचं काय कमी होतं? मी मान हलवली.

मनी घरभर नाचली. नाव मनकर्णा, माझ्या सासूचं, हाक मात्र मनी. गेल्या साली तिचे बाबा गेले, तेव्हापासून पोरगी अशी हसलेली मी बघितली नव्हती. नवाबाची बरणी तिनं अख्ख्या रस्ताभर मांडीवर धरली. नवाब म्हणजे तिचा फायटर मासा, निळाशार. शेपटी एवढी लांब की पोहताना शेरवानी सावरत चाललाय असं वाटतं. बाबांनी दिलेली ती शेवटची वस्तू. मनीच्या ताब्यात मासा म्हणून डेपोत सगळे चिडवायचे.

९ एप्रिल

नवाबाचं पाणी बदललं. मासेवाल्याचं सांगणं आहे की नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं, साठलेलं वापरा. हौद आहेच. जुनं बरणीभर पाणी मोरीत ओतायला हात धजेना. मी दुष्काळी गावची लेक, आमच्याकडं भांडी घासलेलं पाणीसुद्धा म्हशीला जायचं. ओतलं हौदात. एवढ्याशा पाण्यानं एवढा हौद काय बाटतो?

१४ एप्रिल

नवाबाच्या शेपटीला खाच पडलीय. मनीनंच आधी पाहिलं आणि रडायला बसली. बरणीतल्या प्लास्टिकच्या झाडाला धार होती, तिथंच फाटलं असणार. झाड काढून टाकलं. पाणी बदललं. आता बरं होईल.

१९ एप्रिल

बरं कसलं! खालचा पर अर्धा गेला. सुट्टी काढून गुलमंडीकडच्या मासेवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणाला पर सडलेत, घाण पाण्यानं होतं. निळं औषध दिलं, खडेमीठ सांगितलं, बदामाचं वाळलेलं पान टाका म्हणाला आणि पाणी रोज थोडं थोडं बदला म्हणाला. डेपोमागच्या बदामाखाली मी पानं वेचत होते आणि सांडूभाऊ प्रवाशांना सांगत होता की आशाताईंनी पत्रावळीचा धंदा काढलाय.

रोज पाणी बदलतेय. जुनं अर्थातच हौदात.

२५ एप्रिल

मी जेवढं करते तेवढं बिघडतंय. मीठ झालं, पान झालं, औषध झालं. बरणी उन्हातून काढून माठाजवळ ठेवली. आरशात स्वतःला बघून मासे स्वतःचीच शेपटी चावतात म्हणे, म्हणून कपाटाच्या आरशावर चादर टाकली. काही उपयोग नाही.

आज मनीच्या बाबांचं भिंग काढून नीट बघितलं. सडलेला पर काठाशी पांढरा पडतो, झिरमिळ्या होतात. नवाबाचा काठ स्वच्छ आहे. अर्धगोल, अर्धगोल, अर्धगोल. पोळीचा घास तोडावा तसा. मी घरादाराला वाढणारी बाई, मला दातांची खूण कळते.

बरणीत नवाब एकटाच आहे.

२ मे

पाइपलाइन फुटली म्हणून या खेपेला नळच आला नाही. हौदात गुडघाभर उरलंय. मनीला बजावलं की आता थेंब वाया घालवायचा नाही. अंघोळीची बादली उरली की परत हौदात. तिनं विचारलं, आपाआजी नको म्हणाली होती ना? मी म्हटलं, आपाआजीला काय, ती एकटी. माझी स्वतःची बादली कधी उरत नाही, पहिल्या गाडीची घाई असते. मनी मात्र न्हाताना डोकं बादलीतच बुडवते आणि अर्धं पाणी ठेवते. शहाणं लेकरू, लगेच ऐकलं.

नवाबाचं पाणी बदलणं अर्थातच बंद. बिचाऱ्याला शेपटी म्हणून काही राहिलेलंच नाही.

१० मे

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! नवाबाला नवे पर फुटलेत. काचेसारखे पातळ, पण आहेत. म्हणजे मी सारखं पाणी बदलत होते हाच रोग होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा माझा दवाखाना. मनीनं आनंदानं बरणीचा मुका घेतला. शिरा केला, आपालाही वाटी दिली. ती नवाबाकडं बघत राहिली. मग मनीकडं बघत राहिली. विचारलं, याचं पाणी कुठं टाकता? मी लिंबाला म्हणून सांगितलं. खोटं बोलायची सवय नाही, तरी बोलले.

१४ मे

मनीची वेणी घालताना हाताला कमी लागली. रिबीन पाठीवर यायची ती मानेवरच आली. उवा नाहीत, कोंडा नाही. चाई लागली असेल म्हणून डॉक्टरकडं नेलं. त्यांनी टाळू तपासली, केस मुळातून गळत नाहीत म्हणाले, कुणीतरी कापतंय. पोरगी घरी एकटी असते का, असंही विचारलं. मला लई राग आला.

घरी येऊन केस उजेडात धरले. टोकं बघितली.

अर्धगोल.

१५ मे

मनीच्या करंगळीचं नख नाही. दुखत नाही म्हणते, झोपेत गार लागलं म्हणते. नवाबाची शेपटी पुरी भरलीय. शेरवानी सावरत फिरतोय.

कामावर तिकीट फाडायचं सुचेना. नवाबाचं पाणी हौदात जात होतं तेव्हा नवाब संपत होता. ते थांबलं तेव्हा तो भरला. त्याच दिवसापासून मनीची बादली—

मीच सांगितलं तिला. मीच.

१६ मे

आपापुढं सगळं ओकले. तिनं ओढणी काढली. डोक्यावर चुकार बटा, मधे नुसती कातडी.

ती लहान असताना तिचं सुरू झालं होतं, कपडे धुतलेलं पाणी हौदात गेलं म्हणून. आधी केस, मग नखं, मग बोटांची टोकं. अब्बांनी हौदात चुना ओतला, त्या रात्री दोन पेरं गेली. हैदराबादला मावशीकडं पाठवलं तर हिचा घसा वाळायचा, दुसरं पाणी उतरायचं नाही, पळून परत यायची. आणि मग एका सकाळी थांबलं. आपोआप. नखं परत आली, पेरं तेवढी आली नाहीत. त्याच दिवसापासून धाकट्या बहिणीचं, सगीराचं सुरू झालं. सगीराला शेवटी तहान लागली आणि ती हौदाकडं गेली. हौद उपसला. तळाशी फक्त गाळ होता. सगीराचं पाणी हौदात कुणी टाकलं, ते आपाला आजवर कळलं नाही. घर सोडून का गेली नाहीस विचारलं, तर म्हणाली, ती खाली एकटी आहे.

मला आधी का नाही सांगितलं म्हणून मी भांडले. ती म्हणाली, नियम तर सांगितला होता. खरं सांगितलं असतं तर तू हसली असतीस.

हेही खरंच.

सगळ्यात शेवटी ज्याचं पाणी हौदात गेलं, त्याला धरायचं, आधीच्याला सोडायचं. असा हौदाचा हिशेब आहे.

१७ मे

मग सोपं आहे, नवाबाचं पाणी ओतू. मनीसमोर ओतलं नाही, ती बाहेर असताना ओतलं. बाबांचा मासा आहे, पण मासाच आहे. देवा, माफ कर.

१९ मे

नवाब धडधाकट. मनीच्या दुसऱ्या करंगळीचंही नख गेलं. आपाला विचारलं, असं का? म्हणाली, “एक बार आदमी का ज़ायका लगा, तो मछली कू कौन पूछता.”

२० मे

मनीला पैठणला जावेकडं पोचवलं. नदी दाखवली, पेढे घेतले. पोरगी हसली.

२१ मे

सांडूभाऊचा फोन. त्याच्या गाडीत मनी बसली होती, एकटीच, आईकडं चाललेय म्हणून. स्टँडवर घ्यायला गेले. ओठ फुटलेले. काकूनं दिलेलं पाणी उलटून पडलं म्हणाली. हौदाच्या पाण्यानं चूळ भरली तेव्हा कुठं रडायची थांबली.

आपोआप थांबत नाही काही. आपाचंही आपोआप थांबलं नव्हतं.

२२ मे

केलं. न्हाले. बादलीत डोकं बुडवलं, हात बुडवले, थुंकलेसुद्धा. मग ती अख्खी बादली हौदात ओतली. पाणी हललं नाही. गोल उठले नाहीत. नुसतं घेतलं.

मनी झोपलीय. तिचे केस हुंगत बसलेय. आता माझ्याकडं ये म्हणावं. ये.

२४ मे

आलं. वेणी पलंगाखाली पडली नाही, कुठंच पडली नाही, नाहीच. कामावर डोक्याला रुमाल बांधून गेले. सांडूभाऊला वाटलं नवस फेडला.

मनीला नखांचे कोंभ. कोवळे! मी घरात उड्या मारल्या. लोक मला वेडी म्हणतील तर म्हणोत.

२६ मे

तिकिटाच्या मशीनची बटणं दाबता येत नाहीत— अंगठ्याचं पेर. दुखत नाही, गार लागतं. रजा टाकली. मनी विचारते काय झालं. भाजलं म्हणाले.

आपाशी बोलले. मी गेल्यावर मनीला जावेकडं पोचवायचं. हौदाचं पाणी तिच्या हाताला लागू द्यायचं नाही. मी का करतेय, सगळं सांगितलं. आपा रडली. मनी आत झोपली होती.

२८ मे

पेन धरवत नाही. जारचं पाणी कडू लागतंय. तहान— अजून धरून आहे. मनीची रिबीन परत पाठीवर आली. मला एवढंच—

२९ मे, सकाळ

लिहिता येतंय. अक्षर सरळ आलं.

डाव्या अंगठ्याला नख फुटलंय. गुलाबी. जारचं पाणी प्याले, गोड लागलं. मी आधी हसले. वाटलं, माझं रक्त त्याला पचलं नाही.

अंगणात जाऊन आपाला दाखवलं. ती बोटाकडं बघत खाली बसली आणि सगीराचं नाव घेतलं. एकदाच. सगीराचं पाणी कुणी टाकलं होतं, ते इतक्या वर्षांनी तिला कळलं. मलाही.

हौदापाशी मनीची बादली. रिकामी.

आपाशी बोलले त्या दिवशी मनी झोपली होती. झोपली होती ना—

मनी दारात उभी आहे. डोकं ओलं. म्हणते, “आई, तू माझं घेतलंस ना. आता मी तुझं घेतलं.”

मी परत ओतते. आत्ताच्या आत्ता— बादलीत पाणी नाही, जार— तांब्या कुठंय

तांब्या तिनं लपवलाय. हसतेय. बाबांसारखी हसतेय.

तहान लागली म्हणते. पेलाभर जारचं दिलं तर नको म्हणते. अंगणात—

आपा ओरडतेय. झाकणाचा आवाज—

मनी, थांब, आधी मी