जिद्दीतला एक द

सर, तुम्ही दिलेलं शून्य अजून माझ्यापाशी आहे. नववीच्या सहामाहीचा तो कागद पिवळा पडलाय, घड्यांवर विरलाय. प्रश्न होता, जिराफाची मान लांब कशी झाली? अमरावतीच्या त्या शाळेत तुमच्या शास्त्राच्या तासालाही मनात कविता घोळवणारा मी. साधं उत्तर लिहिणं मला कमीपणाचं वाटलं. मी भुजंगप्रयातात दोन ओळी लिहिल्या:

जिराफा, तुझी मान आभाळ शोधी
भुकेने जिदीने तिला लांब केले

तुम्ही त्या वर्गासमोर वाचल्या, अगदी चालीवर. मी मनातून फुललो. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणालात, "लघु-गुरू बसवण्यासाठी यानं जिद्दीतला एक द खाल्ला. खाऊ द्या. पण जिराफाच्या मानेत जिद्द घातली, ते चुकलं." कागदावर लाल शाईत उतरलं: वृत्त शुद्ध. उत्तर चूक. शून्य.

मीही हट्टी. उभा राहून विचारलं, "सर, नैसर्गिक निवड म्हणता, तर मंग निवडते कोन?" निवडणं म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे आईच यायची. ताटात ज्वारी पसरलेली, बोटं खडे टिपून बाजूला सारतायत. बोटांवाचून निवड कशी होईल? तुम्ही म्हणालात, शनिवारी सांगतो. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर सगळ्या वर्गाला घेऊन तुम्ही गावाबाहेरच्या खळ्यावर गेलात. अजून दिसताय मला, धोतराचा काचा मारून तिवईवर चढलेले, हातात भरलेलं सूप, मिशीत भुसा. ज्वारी पायाशी पडतेय, फोल वाऱ्यावर लांब उडतंय. "सांग, कोन निवडून राह्यलं?" मी उडत्या फोलाकडे पाहिलं. "वाऱ्याले डोये नाईत लेका. जड होता तो खाली पडला, हलका होता तो उडाला. दाण्यानं जड व्हायची जिद्द केली काय? तो आधीच तसा होता. जिराफानं मान लांब केली नाई. लांब मानेचे जन्मले ते उरले, त्याहिची पोरं उरली."

मला पटलं नाही, सर. खरं सांगायचं तर आवडलं नाही. जिद्द नसलेली सृष्टी घेऊन कवितेनं करायचं काय? सोमवारी तुम्ही लाकडी पेटीतून बकरीचा पुढचा पाय आणि वटवाघळाचा पंख काढलात. एक हाड, मग दोन, मग खडीसारखी बारकी, मग बोटं. "आता आपला हात चाचपा," म्हणालात. मी चाचपला. एक, मग दोन, मग खडी, मग बोटं. खूर, पंख आणि लिहिता हात, शब्द तीन आणि वृत्त एकच! हे सगळे एकाच जुन्या पूर्वजाकडून आलेत, याचा याहून मोठा पुरावा कोणता, असं तुम्ही सांगत होतात, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. पण शून्याचा राग होता ना. तुम्हाला सांगितलं नाही.

पुढे मी अकोल्यात मराठीचा मास्तर झालो, निवृत्त होऊन बाळापूरजवळच्या गावी वडिलांच्या शेतात आलो. मागच्याच्या मागच्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं साऱ्या शिवाराचा कापूस खाल्ला. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकी कवडी, न उमललेल्या कापसाचा गोळा. बीटीचं बियाणं, महागडे फवारे, कशालाच दाद नाही. सारं गाव एकच वाक्य बोलायचं: "अळीले औषधाची सवय झाली." ऐकलं की मला काहीतरी टोचायचं, काय ते कळायचं नाही. त्यातून लोक फरदड ठेवायचे. वेचणी संपली तरी पऱ्हाटी, कपाशीची उभी झाडं, उपटायची नाही, पाणी द्यायचं, उन्हाळ्यापर्यंत जे मिळेल ते वेचायचं. फुकटचा कापूस कोणाला नको? फरदड राहिली तर पुढच्या हंगामालाही अळी वाट पाहत बसणार, हे अधिकारी सांगून थकले होते. आमच्या शेजारणीचं शेत सगळ्यात मोठं. ती ठेवणार म्हटल्यावर बाकीचे कशाला उपटतात?

गेल्या पौषात तिच्या अंगणात गेलो. बाई टेबलफॅनसमोर तूर उफणत होती.

"फरदड ठेवता म्हणे?"

"ठेवतो नाई तं काय! अळी हुशार झाली गुरुजी, सवय झाली तिले. आता उपटून काय अन् ठेवून काय."

आणि सर, त्या क्षणी ओळखलं. हे तर माझंच उत्तर! मान ताणून जिराफ लांब झाला, औषध पिऊन अळी तयार झाली. साठ वर्षांनी माझं शून्य तुरीच्या भुशात उभं होतं.

"कोन्या अळीले सवय झाली?" मी विचारलं.

"म्हणजे? साऱ्याच."

"फवारल्यावर मरते ते?"

"मरते न."

"मेली तिले सवय कशी होईन?"

बाईचं सूप हवेत थांबलं. "अन् वाचली ते?"

"ते आधीच तशी. जन्मताच. लाखात एखादी. हा पंखा दाणे निवडते काय?"

तिनं पंख्याकडे पाहिलं, पायाशी पडलेल्या तुरीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "अगं माय! म्हणजे आपन फवारून फवारून हलक्याहिले उडोलं, अन् जड दाना बियाण्याले राखला! वरून फरदड ठेवून त्याहिले हिवाळाभर जेवू घालून राह्यलो! गुरुजी, हे इतके दिवस काहून नाई सांगतलं?"

काय सांगू, सर. मलाच आत्ता समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिची पऱ्हाटी उपटायला सुरुवात झाली. पुतण्या म्हणाला, "काकू, गुरुजीनं मंत्र देल्ला काय?" बाई म्हणाली, "मंत्र नाई रे, सूप दाखोलं!" मग घरोघर तिचंच सूप फिरलं. पंधरा दिवसांत अख्खं शिवार मोकळं झालं. मी फक्त मागे मागे फिरत होतो, मिरवणुकीत फिरावं तसा.

यंदा कपाशी फुलली तेव्हा डोमकळ्या शोधत हिंडलो. अळीनं आतून पाकळ्या जाळ्यानं शिवल्या की फूल उमलतच नाही, कळीसारखं मिटून राहतं, ती डोमकळी. बांधामागून बांध पालथे घातले. इथे तिथे एखादी, बस्स. दसऱ्यानंतर बाईनं एक बोंड तोडून माझ्या हातात ठेवलं. शून्याची गोष्ट मी तिला सांगून बसलो होतो. "घ्या गुरुजी, तपासा पेपर." फोडलं. कापसाच्या चारी पाकळ्या पांढऱ्याशुभ्र! मी या वयात शेताच्या मधोमध तुमच्या चालीवर भुजंगप्रयात म्हटला, आणि वेचणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. अळी संपलेली नाही, ते ठाऊक आहे. जड दाणे आहेतच शिवारात. पण आता गावाला वारा कळलाय.

हे पत्र कुठे पाठवणार? त्याच कागदात ठेवून देतो. ठेवताना एक कबूल करतो. मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत तो कागद मी शेकडो मुलांना दाखवला, ‘वृत्त शुद्ध’ एवढंच दिसेल अशी घडी घालून. आमच्या शास्त्राच्या सरांनी दिलेला शेरा, म्हणून. आज ती घडी उघडली आणि खाली नवं उत्तर लिहिलं:

कुणी ना निवडतो, असे फक्त वारा
उरे जो, तयाचाच वाढे पसारा

उत्तर बरोबर आहे ना, सर? ‘निवडतो’पाशी वृत्त मोडलंय. पाहिलं मी. तसंच ठेवलंय.