ठकूचा मुराळी

मल्लेश्वरम, बंगळूर
९ जुलै १९६०

ती. हेमलताअक्कास, प्रमोदिनीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

महिलागृहातून आणलेली आमची ठकू आता झकास पोलकी शिवते. सख्ख्या मामानंच मुंबईत विकलेली पोर, पण आता हसते गं! परवा पंगतीत आमच्या वठारातल्या शेजारणी पंचमीला कुणाला कोण न्यायला येणार, ते सांगत होत्या. ठकूला विचारलं, तर ती ताटावरून उठली. मी फणकाऱ्यानं म्हटलं, तिचं माहेर बेळगावला, माझ्या अक्काकडे! आता तूच निभावून ने.

तुझी तोंडाळ,
प्रमोदिनी

बेळगाव, १४ जुलै

चि. प्रमोदिनीस, अ. उ. आ.

जिभेला हाड नाही तुझ्या! असो. तुझे भावोजी मुराळी होऊन येताहेत. कोटाला इस्त्रीसुद्धा झाली. परसात झोका बांधलाय. म्हणावं, माहेरी भाकऱ्याही थापाव्या लागतात.

तुझी अक्का

मल्लेश्वरम, २५ जुलै

ती. अक्कास सा. न.

घात झाला गं. भावोजी लुगडं आणि कुंदा घेऊन दारात उभे राहिले, अन् ठकूनं आत जाऊन कडी लावली. आतून रडत म्हणाली, मामाही असाच नवी चोळी, पेढे घेऊन जत्रेला न्यायला आला होता. अक्का, आपल्याला कसं सुचलं नाही? भावोजी दिवसभर पायरीवर बसले. पोरीला कुणी ओढू नका, एवढंच म्हणाले. हे पत्र घेऊन एकटेच परत येताहेत. मला फार रडू येतंय.

प्रमोदिनी

बेळगाव, २६ जुलै

चि. प्रमोदिनीस, अ. उ. आ.

रडू नकोस. हे आल्यापासून जेवले नाहीत. झोका सोडून दोर पिशवीत भरलाय. पंचमीला मीच येते. तुमच्या अंगणातल्या फणसाला बांधू. ठकूला कुठंही न्यायचं नाही, हे तिला आधी सांग. दार उघडलं नाही, तर मीही पायरीवर बसेन.

अक्का

मल्लेश्वरम, ३ जुलै १९६१

ती. अक्कांस ठकूचा दंडवत.

पत्र माझ्याच हातचं आहे, चुका पोटात घाला. गेल्या पंचमीला तुम्ही झोका दिलात, तो फणसाला अजून आहे. आता तुमच्या परसात दुसरा बांधा. मुराळी पाठवू नका. पायरीवर बसलेल्या अण्णांवर राग नाही. पण येताना मला कुणी नेऊ नये, माझी मी यावं, असं वाटतं. गाडी कुठली, ते मी विचारून ठेवलंय.

अण्णांना स्टेशनावर उभं राहायला सांगा. तोच कोट घालू दे. मी लांबून बघेन, मग जवळ येईन.

कुंदा ठेवा. तेव्हाचा मी चाखलाच नव्हता.

तुमची माहेरवाशीण,
ठकू