सोळा बिऱ्हाडं थंड करण्याचा प्रयोग

परळ, सोमवार

आदरणीय आनंदामामांस, अपेक्षाचा सप्रेम जय भीम.

डोंबिवलीचं पाणी मानवलं असेल. विकासदादाकडे पथ्य सांभाळलं जातंय ना? (हे आईने विचारलेलं नाही.) तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र शेजारच्या दीपकच्या हाती पाठवतेय.

काल चाळीच्या अंगणातून तुम्ही स्टूल लाथाडून थेट डोंबिवलीला गेलात. दोष माझाच. नव्या इमारतीत कोण कुणाशेजारी राहणार, ते आपल्या मजल्याच्या सोळा बिऱ्हाडांनी शुक्रवारपर्यंत सह्यांनिशी कळवायचं. नाहीतर बिल्डर चिठ्ठ्या टाकणार आणि सोळा घरं चाळीस मजल्यांवर विखुरणार. सेक्रेटरी बाबुराव मला म्हणाले, पीएचडी करतेस ना, कॉम्प्युटरवर काढून दे. सोळा माणसं बसवण्याच्या तऱ्हा वीस लाख कोटींहून जास्त होतात, आणि कोण कुणाशी बोलत नाही हे दर आठवड्याला बदलतं. तेव्हा मी आमच्या प्रयोगशाळेतलं सांगितलं. तिथे आम्ही अणू कमालीचे थंड करतो आणि लेझरच्या उजेडाने आखलेल्या चौकोनांत एकेक बसवतो. प्रत्येक अणू म्हणजे इवलासा लोहचुंबक. शेजाऱ्याचं तोंड वर असेल तर हा खाली करणार. (अंबिकाकाकू म्हणाल्या, आमच्या जावेसारखा.) असे शंभर जमले की पुढचं गणित मोठ्या कॉम्प्युटरलाही झेपत नाही. मग गणित सोडायचं, अणूंना बसवायचं आणि ते काय करतात ते बघायचं. बाबुराव लगेच खडू घेऊन सोळा चौकोन आखायला अंगणात उतरले.

माझी चूक एवढीच की अणू आधी थंड करतात, मग बसवतात. मी माणसं मे महिन्यात दुपारी चारला बसवली, वर बाबुरावांनी माईक लावला. त्यावरून आईने तुमची साखर जाहीर केली. "ह्याला माझ्याच शेजारी द्या. दोनशे ऐंशी आहे आणि चोरून जिलेबी खातो." त्यावर तुम्ही जे बोललात ते माईकशिवाय नाक्यापर्यंत गेलं.

वाईट वाटून घेऊ नका, मामा. आमच्याकडेही शेवटची थंडी अशीच आणतात. सगळ्यांत तापलेले अणू निसटून जाऊ द्यायचे, उरलेले आपोआप निवतात. तुमच्यामागोमाग उन्हाला कंटाळून दीपक गेला, आणि दहा मिनिटांत अंगण शांत झालं. माणसं सरकली, बसली. पाहते तर हुबेहूब आजची चाळ. सुभद्राकाकूंचा अंबिकाकाकूंशी अकरा वर्षं अबोला. त्या उठून त्यांच्याच शेजारी जाऊन बसल्या. मी कारण विचारलं. "नव्या शेजारणीला पहिल्यापासून सगळं कोण सांगत बसणार गं?"

आईची तब्येत उत्तम आहे. तुमच्यावाचून इथे कुणाचं काही अडलेलं नाही.

तुमची भाची,
अपेक्षा

ता. क. : अडलंय. सोबत फॉर्म आहे. पंधरा सह्या झाल्या, सोळावी तुमची. फुलीच्या जागी सही करा. दीपक ती घेतल्याशिवाय हलणार नाही, त्याला जेवू घाला.

आणखी एक : आईने हे लिहू नकोस म्हणून बजावलंय. दीपक काल परत आला आणि सावली बघून तुमच्या जागी बसायला लागला. आईने स्टूल सरळ करून त्यावर आपली पिशवी ठेवली. "ऊठ रे, माणूस आहे इथे. पाणी प्यायला गेलाय." शेवटपर्यंत तिने कुणाला बसू दिलं नाही. अशी जागा धरून ठेवणं प्रयोगात चालत नाही. मी वहीत लिहिलेलं नाही.