टोकाच्या गड्याची झोप

नात्याने थोरले आणि रस्सीखेचीत वैरी असलेले आमचे साडूबुवा यांस,

धाकट्या साडूचा नमस्कार. इकडे सगळं ठीक, म्हणजे कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही. उलट आम्हा नवराबायकोला अंथरूण दिसलेलंच नाही, त्याचीच हकिगत पुढे आहे. तुमचा गुडघा कसा आहे? अक्कांचा खोकला गेला का? आणि तुम्हाला झोप कशी लागते? (हे निव्वळ आपुलकीने विचारतोय. रविवारच्या सामन्याशी संबंध जोडू नये.)

गेल्या वर्षी तुमच्या बर्फाच्या कारखान्याने आमच्या खोक्यांच्या कारखान्याला मैदानभर फरफटवलं, हे तुम्ही विसरला नसालच. विसरू नये म्हणून तर ढाल तुमच्या बैठकीत, नेमकी मी बसतो त्या खुर्चीसमोर टांगली आहे. ते ओळीने तिसरं वर्ष. मी म्हणत होतो, पोरांना अंडी चारू, दंड काढायला लावू. पण आमचे चिरंजीव पडले शिकलेले. म्हणाले, बाबा, स्नायू मैदानात झिजतो आणि झोपेत भरून येतो; ताकद कमवायची तर झोप कमवा. मला पटलं, कारण ऐकायला फुकट वाटलं. तिथेच फसलो. दुसऱ्या दिवशी चिरंजीव एक झोपतज्ज्ञ घेऊन आले, आणि कळलं की या जगात फुकट झोप फक्त कुत्र्यामांजरांना मिळते.

हा गृहस्थ (कारखान्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव 'झोपगुरू' पडलं होतं) इतक्या मऊ आवाजात बोलतो, की त्याच्याशी बोलणारेही कुजबुजायला लागतात. त्याने आठही गड्यांच्या आणि एका राखीव गड्याच्या मनगटाला एकेक घड्याळ बांधलं. ते चोवीस तास झोप मोजतं आणि सकाळी शंभरापैकी गुण देतं. गुण हजेरीच्या मशीनशेजारी फळ्यावर लागायला लागले. साडूबुवा, माणूस मस्त झोपून शीळ घालत यायचा, फळ्यावर एकोणपन्नास बघायचा आणि तिथल्या तिथे त्याचे खांदे पडायचे. मग त्या एकोणपन्नासाच्या घोराने दुसऱ्या रात्री छताकडे बघत पडायचा आणि अडतीस मिळवायचा. डिंकाच्या टेबलावर पूर्वी सिनेमाच्या गप्पा चालायच्या. आता कानावर येतं ते, काल गाढ किती पडली आणि स्वप्नं किती आली. कटिंग मशीनवाल्याने बायकोला दरडावलं म्हणे, कूस बदलू नकोस, माझे गुण जातात. ती माहेरी गेली. त्या रात्री त्याला नव्वद मिळाले, पण बिचाऱ्याला त्याचा आनंद उघड करता येईना.

खरा घाला पडला तो आमच्या पहाडावर. दोर कमरेला घेऊन टोकाला पाय रोवणारा तो आमचा माल चढवणारा गडी. (तीनही वर्षं पुढचे सात सुटले, मग पहाड.) त्याच्या घरी सध्या नऊ महिन्यांची जुळी आहेत. एक रडून दमलं की दुसरं पाळीवर येतं. साहजिकच पहाडाला बावीस गुण. झोपगुरूने त्याच मऊ आवाजात सांगितलं, तुमचं शरीर तुमच्याच विरुद्ध खेळतंय, आणि त्याला संघातून काढलं. पहाड डबा न उघडता खोक्यांच्या थप्पीला टेकून बसला. मी विचारलं, घरी सांगितलंस का? तर म्हणाला, "नाही शेठ. तिला वाटेल, पोरांपायी गेलं माझं टोक."

त्याच्या जागी कोण आला? आमचा राखीव गडी, स्टोअरकीपर. रोज शहाण्णव. असली झोप मी फक्त विजेत्यांत पाहिली आहे, असं झोपगुरू म्हणाला. सरावात हा विजेता दोराबरोबर पतंगासारखा उडाला. तरी झोपगुरू त्याचं कौतुक वाचतच होता, दुपारी तीननंतरही उत्तम गाढ झोप वगैरे, तेव्हा माझे कान टवकारले. दुपारी तीनला हा माझ्यासमोर पुठ्ठ्याचा हिशेब देत होता. तो कामावर झोपतो हे मला मान्य आहे, पण उभ्याने, डोळे उघडे ठेवून आणि चहा पीत? खोदून विचारलं तर कळलं, घड्याळ पहिल्या दिवसापासून त्याच्या सासऱ्यांच्या हातात आहे. सासरे ऐंशीच्या पुढचे. जेवायला उठतात तेवढेच. म्हणजे साडूबुवा, आम्ही तुमच्यासमोर एका म्हाताऱ्याची झोप उतरवणार होतो. झोपगुरू जराही ओशाळला नाही. मोजमाप मात्र अचूक होतं, म्हणाला. त्याला मी दारापर्यंत पोचवून आलो, कुजबुजत.

तरी मूळ मुद्दा खोटा नव्हता. झोप हवीच, आणि ती गुण देऊन येत नाही, दुसऱ्या कोणाला तरी जागावं लागतं. मी आमच्या हिला म्हटलं, सामन्यापर्यंत पहाडाला आपल्या मागच्या खोलीत निजवू. ही म्हणाली, "आणि त्याची बायको? तिला दोर ओढायचा नाही, म्हणून झोप लागत नाही वाटतं?" तेव्हा सगळं बिऱ्हाडच आणलं. नवराबायको मागच्या खोलीत, जुळी आमच्या. पहाड आणि त्याची बायको अशी झोपली की ही दोनदा जाऊन श्वास बघून आली. परवा सरावात पहाडाने दोर धरला आणि हँडब्रेक लावलेला टेम्पो हलवला. बायको कुंपणाशी उभी होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आमचं म्हणाल तर काल बँकेच्या मॅनेजरसाहेबांना मी बोलता बोलता 'अले अले' म्हणालो.

अक्कांना नमस्कार.

बसल्या बसल्या डुलणारा तुमचा,
धाकटा साडू

ता. क. आमच्या हिची पाठ धरली आहे. तेव्हा रविवारपर्यंत जुळ्यांना रात्रीपुरतं तुमच्याकडे ठेवावं, ही विनंती. दिवसा त्यांची आई घेऊन जाईल. अक्कांना फोनवर विचारलं, त्या हरखून हो म्हणाल्या. तुम्हाला सांगायचं राहिलं असेल.

आणखी ता. क. तुमच्या संघात टोकाला तुम्ही स्वतः उभे राहता, हे पाकीट चिकटवताना लक्षात आलं. योगायोग, दुसरं काय.

शेवटचं. ज्या गाडीतून हे पत्र आलं तिच्या मागच्या सीटवर पाहा. हळू पाहा, दोघंही आत्ताच निजली आहेत. उठतील ती तुम्ही दिवा मालवल्यावर.