शेरा : अमृत

सोमवार, ३
नवी नोकरी, नवं घर आणि ओढा दाराशी. वीस वर्षं वर्तमानपत्रांना बातम्या पाठवल्या. आता पाणी तपासणी केंद्रात पानं तोलायची. पाच ग्रॅम सुकी पानं जाळीच्या पिशवीत भरून ओढ्यात खुंटीला बांधायची, पंधरा दिवसांनी काढून, वाळवून पुन्हा तोलायची. पानं कुजली तर पाणी जिवंत, कारण कुजवणारे किडे जिवंत. एक पिशवी कारखान्याचा नाला ओढ्याला मिळतो त्याच्या वर, एक खाली. ताई म्हणाली, एवढं संस्कृत शिकून शेवटी पाचोळाच निवडायचा होता तर. थोरली बहीण सोबत राहायला आली ती बहुधा हे ऐकवायलाच.

मंगळवार, १८
वरच्या पिशवीत नुसत्या शिरा उरल्या. खालची पानं पाच ग्रॅमची पाचच. किडा नाही, बुळबुळ नाही. पाणी मात्र काचेसारखं. शेऱ्याच्या रकान्यात मी गमतीनं लिहिलं : अमृत. ज्यात पानसुद्धा मरत नाही ते. केंद्राचे साहेब हसतील असं वाटलं.

शनिवार, २२
हसले नाहीत, खूश झाले. शेरा तसाच वर गेला. एकतीस तारखेपासून हे पाणी गावभर नळाला. विनोद होता म्हणालो, तर म्हणे, पंडित, सरकारी कागदावर कसला विनोद, आणि कुजत नाही म्हणजे चांगलंच की. गाढवापुढे वाचली गीता. वाचणारा तरी कुठला शहाणा?

बुधवार, २६
आमच्या घराच्या नळाला पहिल्यापासून हेच पाणी आहे, हे आज कळलं. साहेबांना ठाऊक होतं. आठ दिवस दही लागत नाही. टाकीखालचा मेलेला उंदीर जसाच्या तसा, आत्ता झोपल्यासारखा. ताई चार दिवस जेवली नाही. भूकच मेली म्हणते. चिडत नाही, टोमणा मारत नाही.

शनिवार, २९
ताई गेली. डॉक्टरांनी तोंडावर चादर ओढली. साहेब येऊन म्हणाले, चेहरा किती प्रसन्न. त्यांची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं.

रविवार, ३०
अंत्यविधीसाठी भाचीची वाट पाहतोय. ताई तशीच. गाल मऊ. वास नाही. डॉक्टरांनी पुन्हा नाडी पाहिली — नाही.
शेऱ्यातला 'अ' खोडून 'मृत' केलं होतं. साहेबांनी कागद बदलला. मेल्याला —

सोमवार, ३१
दहाला पाणी सुटणार. पंपघरात आहे, कडी आतून. मुख्य चावीला दहा फेरे. बंद करून मोडूनच टाकणार. फेरे इथे लिहितो. तीन.
मीही तेच पाणी प्यायलो. पण राग येतोय. तिला यायचा थांबला होता. येतोय तोवर मी —
सहा. साहेब बाहेरून दार ठोठावताहेत.
ताई म्हणतेय, दमलास, राहू दे.
कडी तशीच आहे. ती आत —
आठ. मनगटावर तिचा हात. थंड. बरं वाटतंय.
नऊ. एकच फेरा. साहेबांना शिव्या द्यायच्या होत्या, आठवत नाहीत. राग कुठे गे