गजराआधीचा पखवाज

१५ जुलै, सोम.
मरोळला कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमधल्या एका मुलीने मोबाइल दाखवला. कुणीतरी बाइकवरून घाट उतरतंय, मागे आमच्याच भजनाची सुरुवात. "सर, तुमचंच भजन ना हे?" माझा आवाज सुरू व्हायच्या आधीच क्लिप संपली. नुसता पखवाज. तरी हो म्हटलं, ऐटीत.
घरी येऊन ॲप उघडलं. दोन वर्षांपूर्वी हौसेने टाकलेलं गाणं, आता लाखांनी ऐकतायत लोक. वर्षाचे जमा एकूण अठराशे चाळीस. बायको तरी कौतुक करेल म्हणून मेघनाला दाखवलं. म्हणाली, "गणपतीत एका भजनाला याच्यापेक्षा जास्त मिळतात रे तुला." डोकं फिरलं थोडं. मग जेवलो.

२१ जुलै, रवि.
जोगेश्वरीला भजनी कलाकारांची सभा. शाळेचा हॉल, पंखे बंद. विषय: ऑनलाइन गाण्यांचे पैसे. मला बोलायला उभं केलं. बोललो झकास. "गळा आमचा, घाम आमचा, आणि वाटणीच्या वेळी आम्ही दाराबाहेर? आधी नाव, मग वाटा!" टाळ्या.
दत्तारामदादा मागच्या रांगेत होते. बावीस वर्षं माझ्या भजनाला पखवाज त्यांचाच. चहाला थांबले नाहीत. गुडघा दुखत असेल.

२५ जुलै, गुरु.
प्रॅक्टिस. दादा आले नाहीत. फोन पण नाही. गणपती दीड महिन्यावर आलेत. आमचा झांजवाला बबन ढोलकी घेऊन बसला, चाललं कसंतरी. निघताना म्हणाला, "दादा रुसलेत बुवा. जाऊन या एकदा."
रुसायला काय झालं?

२८ जुलै, रवि.
गेलो. दादा जोगेश्वरीला गुंफेजवळ राहतात. वहिनींनी घावने केले होते. दादा म्हणाले, "बरा बोललस त्या दिवशी." मग नातीचा मोबाइल मागून घेतला आणि आमचंच गाणं लावलं. सुरुवातीचा पखवाज पूर्ण वाजू दिला. मग स्क्रीनवर बोट ठेवलं. गायक – सुहास. संगीत – सुहास. शब्द – सुहास.
"माजा नाव खंय हा?"
मी म्हटलं, "दादा, रेकॉर्डिंगच्या दिवशी पाकीट दिलं होतं ना. दोन हजार." हे माझ्याच तोंडून निघालं.
"होय तर. परत करू?"
घावने तसेच राहिले.

चाल माझी, शब्द माझे, स्टुडिओचं भाडं माझ्या खिशातून. हे सगळं खरं. पण तो सुरुवातीचा पखवाज? मी फक्त म्हटलं होतं, "दादा, गजराआधी काहीतरी वाजवा." त्या 'काहीतरी'वर लोक बाइक चालवतायत, लग्नाचे व्हिडिओ करतायत. मी गायला लागायच्या आत बंद करतात.
घरी मेघना भाजी निवडत होती, तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग ते भाषण कोणासाठी केलंस?"

३० जुलै, मंगळ.
अंधेरीच्या एका सिरियल कंपनीचा मेल. टायटलला तोच पखवाज हवाय. गाणं नको. साठ हजार, एकरकमी. शुक्रवारपर्यंत सही. सोबतच्या करारात एक ओळ: या संगीतावर दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही.
तीनदा वाचली. सोसायटीच्या रिपेअरिंगचे पैसे भरायचेत. मेघनाने पण वाचली. मोबाइल पालथा ठेवून स्वयंपाकघरात गेली.

१ ऑगस्ट, गुरु.
कामावरून लवकर सुटलो. कागद छापून थेट दादांकडे. वाटेत ठरवलं होतं तेच बोललो: पैसे निम्मे निम्मे, सही फक्त माझी, म्हणजे कंपनीचा घोळ नको.
दादा म्हणाले, "पैशाचा मगे बघू. आधी ह्या मोठ्यान वाच."
वाचायला लागलो. 'दुसऱ्या कुणाचाही'पर्यंत आलो. समोर दादा, मांडीवर हात ठेवून. आवाजच फुटेना. सभेत कसा फुटला होता!
"वाच ना. मी अडवतंय काय तुका?"
घडी करून खिशात टाकला. प्रॅक्टिसला आज मीच गेलो नाही.

२ ऑगस्ट, शुक्र.
सिरियल कंपनीतल्या, मेल पाठवणाऱ्या मुलीला फोन केला. सांगितलं, पखवाज दत्ताराम यांचा, सह्या दोन होतील, ती ओळ बदला. ती गोड बोलली: "सर, दोघं झाले की ते लीगलला जातं. आणि टायटलसाठी आमच्याकडे दुसरे ऑप्शन पण आहेत ना. बघते, सांगते."
म्हणजे वाट लागली बहुतेक. वाईट वाटलं. उगाच खोटं कशाला लिहू.
ॲपवर दादांचं नाव घालायची विनंती टाकली. मशीनचं उत्तर आलं, तपासणी सुरू आहे. दादांना फोनवर दोन्ही सांगितलं. "बरा," म्हणाले. मग फोन ठेवताना, "जेवलस?"

८ ऑगस्ट, गुरु.
कंपनीचा फोन नाही. ॲपवर अजून तिन्ही ठिकाणी मीच.
दादा प्रॅक्टिसला आले. डब्यात कणीक मळून आणलेली. आवाज खोल यावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला ती थापत बसले, अंगठ्याने कडा दाबत, घाई नाही. मग मीच सगळ्यांसमोर सांगितलं की त्या गाण्याचं जे काही येईल ते यापुढे दादांचं नि माझं निम्मं, आणि नावही लागेल.
बबन झांजेची दोरी बोटांना गुंडाळत होता. खाली बघूनच म्हणाला, "बुवा, त्यात झांज पण वाजते हां."
सगळे हसले. दादा पण. मीही हसलो. बबन हसला नाही.
घरी आल्या आल्या हेडफोन लावून ऐकलं. झांज आहे. पहिल्या थापेनंतर लगेच सुरू होते ती शेवटपर्यंत थांबत नाही. आणि तिच्या मागे कोरसचे चार आवाज, आज पहिल्यांदाच मोजले.