एकशे बारावं पान

बुधवार, संध्याकाळ

आज एकशे बाराव्या पानावर पेन्सिलच्या खुणा संपल्या.

नीटसाठी फिजिक्सचा प्रश्नसंच घ्यायला औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदारानं नवा पुढं केला होता. मीच जुना उचलला. तो म्हणाला, "आधी पेन्सिलच्या खुणा खोडून टाक, नाहीतर उत्तरं आयती दिसतील." खोडरबर आणलं, पण खोडलं नाही. पहिल्या पानावर आधीच्या मुलीचं नुसतं 'कु.' उरलंय, पुढचं नाव पुसलेलं. आणि दुसऱ्याच पानाच्या कडेला तिनं लिहिलंय, "हे डोक्यात शिरत नाय." माझ्याही शिरत नव्हतं.

मग रोज तेच. माझं उत्तर आधी वहीत लिहायचं, मग तिची टिक बघायची. निम्म्या वेळा तीच चुकलेली. तरी बरं वाटायचं.

खोलीवर मी एकटीच असते. वैजापूरला आईला काळजी नको, म्हणून सांगून ठेवलंय की सोबत एक मुलगी अभ्यासाला बसते. खोटंच होतं का ते? अगदीच खोटं नाही.

एकशे बारानंतर ती कुठं गेली? कंटाळली, का घरच्यांनी परत नेलं? पुढची सगळी पानं कोरी आहेत.

आत्ता आईचा फोन आला. "तुझी मैत्रीण बरी हाय ना गं?"

"गावाला गेली," मी म्हणाले.

"यील चार दिसात. रविवारी धपाटे पाठवते, तिच्या वाटचे ठेव."

ठेवते, म्हणाले.